माझ्या पायाखालची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि जुना म्हणवून घ्यायला मला बिलकूल लाज वाटत नाही. तुमचे हल्लीचे ते पापडासारखे चपटे लॅपटॉप मी पाहिलेत. फुंकर मारली तर उडतील! मी तसा नाही. मला उचलायला दोन हात लागतात. चालू केलं की माझा पंखा घरघरतो, आणि अर्ध्या तासात मी इतका तापतो की थंडीत लोक माझ्यावर हात शेकून घेतात. माझ्या पोटाखाली रबराच्या चार टिकल्या होत्या, तेच माझे पाय. त्यातला उजवीकडचा पुढचा पाय कधीच गळून गेला. त्यामुळे सपाट टेबलावरसुद्धा मी डुगडुगतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या पायापासूनच घडलं.

माझा जन्म २००१ साली जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पहिली चार वर्षं मी एका विक्रेत्याच्या बॅगेत काढली. माणूस चांगला होता बिचारा, पण चार वर्षं त्याने माझ्यावर एकच वाक्य लिहिलं, 'आपल्या कृपेबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत.' एक विनोद नाही की एक भांडण नाही. मग त्याला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी टोकियोच्या अकिहाबारा बाजारातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन बसलो. तिथल्या दुकानदाराने माझे सगळे दोष एका कागदावर लिहून माझ्याच कपाळावर चिकटवले. झाकणावर ओरखडा. बॅटरी मेल्यात जमा. एक पाय नाही. दुकानदाराने तो कागद एका गिऱ्हाइकाला समजावून सांगितला, तेव्हा तो माणूस खो-खो हसला आणि बायकोला म्हणाला, "आपल्याकडे स्थळ दाखवतानासुद्धा एवढं खरं सांगत नाहीत गं!" मी ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. त्याचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी कळला.

त्या माणसाचं नाव हरीश. सॉफ्टवेअरच्या कामासाठी कंपनीने त्याला टोकियोला पाठवलं होतं. बायको पद्मिनी, आणि तिचा हात धरून उभी असलेली सहा वर्षांची मुलगी अश्लेषा. कोतो भागातल्या एका उंच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. २००५ सालच्या ऑक्टोबरात मी त्या घरात शिरलो.

पद्मिनी ठाण्याला एका बँकेत काउंटरवर होती. दिवसाला दीडशे माणसांशी तिची बोलाचाल व्हायची. "काका, सही जुळत नाही." "मावशी, फॉर्म उलटा भरलात." कोणी चिडायचं, कोणी पेढे आणून द्यायचं. नवऱ्याबरोबर इथे आली आणि तिची वाचाच बंद झाली. कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, "पिशवी नको" एवढं एक वाक्य बोलायचं आणि घरी यायचं. हरीश सकाळी जायचा तो रात्री जेवणाच्या वेळेला परत. बोलून बोलून भिंतीशी किती बोलणार? म्हणून हरीशने मला आणलं. "घे, आता लिही काय ते. शाळेत लिहायचीस ना?" पद्मिनीने माझं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, ह्याच्या बटणांवर तर सगळं जपानीच आहे!"

मग हरीशने माझ्यात देवनागरी घातली. त्या दिवशी मला घाम फुटला, मित्रांनो. वेलांटी भलत्याच बाजूला पडे आणि जोडाक्षर आलं की माझी दातखीळ बसे. पण पद्मिनी चिवट. 'ज्ञ' आणि 'ऋ' कसे काढायचे ते तिने एका चिटोऱ्यावर लिहून माझ्या कडेला चिकटवलं आणि महिनाभरात आमची गट्टी जमली.

मी त्या घरात आलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एक गोष्ट घडली होती, ती आधी सांगायला हवी.

न्हाणीघर घासताना पद्मिनीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाढल्या. काचेची बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. निघताना सासूबाईंनी भरलेला चुडा होता तो. तिला रडू आलं. तिने काचा गोळा केल्या आणि सवयीने स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. पिशवी खाली नेऊन ठेवली. तासाभराने दार उघडलं तर तीच पिशवी दाराच्या कडीला लटकलेली! सोबत काचांची वर्तमानपत्रात बांधलेली नीट पुडी आणि एक चिठ्ठी.

जपानमध्ये कचऱ्याचे वार असतात. जळणारा वेगळ्या वारी, न जळणारा वेगळ्या वारी. चुकलात तर पिशवी तशीच पडून राहते. पण ती उचलून कोणी दाराशी आणून ठेवली हे पद्मिनीला फारच लागलं. हे काम तळमजल्यावरच्या नेगिशी-सान ह्यांचं, हे तिला लगेच कळलं. (सान म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव', मानाने जोडायचं.) सत्तरीच्या आजी, पाठीत वाकलेल्या, कचऱ्याच्या जागेवर त्यांची खिडकी उघडायची. प्लास्टिकची पिशवी कुठे चुरचुरली की खिडकी उघडलीच म्हणून समजा.

पद्मिनीने चिठ्ठी हरीशपुढे धरली. तो बूट चढवत होता. "कचऱ्याचंच काहीतरी असणार," म्हणाला आणि स्टेशनकडे पळाला. तिला तर एक अक्षर वाचता येत नव्हतं. "दुसऱ्याच्या देशात येऊन शिव्या खायच्या आता!" असं पुटपुटत तिने त्या चिठ्ठीची चौपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या माझ्या पायाखाली सारून दिली. मी एकदम ताठ उभा राहिलो. मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता लिहिण्याकडे येतो. पद्मिनी लिहायची, पण वाचणार कोण? हरीश दोन ओळी वाचून "मस्त" म्हणायचा आणि टीव्ही लावायचा. म्हणून तिने इंटरनेटवर मराठी माणसं शोधायला सुरुवात केली. पहिल्या एका संकेतस्थळावर तिने थंडीवर चार ओळी टाकल्या. कोणीतरी लिहिलं, 'आधी शुद्धलेखन सुधारा, मग लिहा.' त्यावर दुसरा त्याच्यावर धावला, तिसरा दोघांवर, आणि थंडी राहिली बाजूला! पद्मिनीने माझं झाकण असं धाडकन आपटलं की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या ठिकाणी सगळे फारच गोड. काहीही टाका, 'खूप छान!' एकदा चुकून तिचा तोच लेख दोनदा गेला. 'चुकून दोनदा आलाय, क्षमस्व,' असं तिने खाली लिहिलं. त्यावरही एकाने लिहिलं, 'खूप छान!' आम्ही दोघं पोट धरून हसलो. म्हणजे ती हसली, मी घरघरलो.

तिसऱ्या खेपेला तिला 'पडवी' सापडली. लहानसं संकेतस्थळ, चाळीसएक माणसं, जगभर विखुरलेली. तिथे एकच नियम होता. आपला एक लेख टाकायचा तर आधी दुसऱ्यांचे दोन लेख वाचायचे आणि प्रत्येकाखाली दोन गोष्टी लिहायच्या: एक आवडलेलं, एक अडलेलं. नुसतं कौतुक चालणार नाही आणि नुसती उणीदुणीही चालणार नाहीत. पद्मिनीला हे फार भावलं. तिथे तिला सेंदाईची अक्षया भेटली, विद्यापीठात संशोधन करणारी, सायकलवरून पडून पडून हसणारी मुलगी. आणि योकोहामाचे विश्वनाथकाका भेटले. व्यापारी कंपनीत नोकरी करायला आलेले, ते पुढे तिथलेच झालेले. त्यांचं 'अडलेलं' नेहमी एका ओळीचं असायचं आणि नेमकं वर्मावर बसायचं.

२००६ च्या उन्हाळ्यात पद्मिनीने पडवीवर लेख टाकला, 'कचऱ्याचे वार'. त्यात ती परत आलेली पिशवी होती, ती चुरचुर ऐकून उघडणारी खिडकी होती, आणि 'मला जपानमध्ये आल्या आल्या एक प्रेमपत्र आलं, ते मी लॅपटॉपच्या पायाखाली जपून ठेवलंय' असं वाक्य होतं. लोक हसून हसून बेजार. त्रेचाळीस प्रतिसाद! पद्मिनी सकाळी उठली की दात घासण्याआधी मला उघडायची. अक्षयाने लिहिलं, 'पद्मिनीताई, त्या इन्स्पेक्टर आजींवर अजून लिहा ना!'

बस्स. तिने लिहिलं. दुसरा लेख, तिसरा लेख. नेगिशी-सानचं नाव 'कचरा इन्स्पेक्टर' पडलं. तिसऱ्या लेखात तर त्यांची वाकलेली पाठ आली. प्रश्नचिन्हाला झाडू दिला तर कसं दिसेल, तशा त्या दिसतात, असं पद्मिनीने लिहिलं. ती हसत हसत माझी बटणं दाबत होती. मला ते काही बरोबर वाटेना. पण मला तोंड कुठे आहे? मी पंखा जोरात फिरवला, तर ती म्हणाली, "तापला वाटतं," आणि खिडकी उघडली.

मला वाईट वाटण्याचं कारण होतं. एव्हाना अश्लेषा जवळच्या जपानी शाळेत जायला लागली होती. मंगळवारी आणि गुरुवारी पद्मिनीचा जपानी भाषेचा वर्ग असायचा, तेव्हा शाळेतून आलेली पोर कोणाकडे बसायची? नेगिशी-सानकडेच! त्या तिला तांदळाची कुरकुरीत बिस्किटं द्यायच्या, कागदाची खेकडी करायला शिकवायच्या, गृहपाठ करून घ्यायच्या. पद्मिनी त्यांना वाटीभर शिरा पाठवायची. वाटी परत यायची ती मुळ्याच्या लोणच्याने भरून. रिकामं भांडं परत धाडायचं नाही, हे त्यांच्याकडेही होतं म्हणायचं. म्हणजे जिन्यावर वाट्यांची ये-जा आणि माझ्या पडद्यावर ही थट्टा, दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

तिसऱ्या लेखाखाली विश्वनाथकाकांनी लिहिलं: 'आवडलेलं: पिशवीचा आवाज. अडलेलं: ही बाई तुझ्या लेखात सारखी खिडकीतच उभी आहे. खिडकी लावून घेतल्यावर ती काय करते? आणि एक विचारतो पद्मिनी, राग मानू नकोस. हा लेख तू त्यांच्यासमोर वाचून दाखवशील का?'

पद्मिनीने उत्तर लिहिलं, 'काका, काहीतरीच तुमचं! त्यांना मराठी कुठे येतं?'

मित्रांनो, इथे ती चुकली. परदेशातल्या पुष्कळ आईबाबांची हीच चूक होते. मराठीत बोललं की दार लावून बोलल्यासारखं वाटतं त्यांना. आणि त्या दाराची किल्ली खिशात घेऊन फिरणारं पोर त्यांच्याच मांडीवर बसलेलं असतं! अश्लेषा आईशी जपानीतच बोलायची. "जेवलीस का?" विचारलं की "हाई," म्हणजे हो, एवढंच म्हणायची. "मराठीत बोल की गं!" म्हटलं की नुसती खांदे उडवायची. म्हणून पद्मिनीला वाटायचं की पोरीला मराठी निम्मंशिम्मंच कळतं. कळत होतं सगळं. फक्त ती उत्तर देत नव्हती.

पुढच्या वर्षी अक्षयाने आग्रह धरला. "ताई, स्वतःचा ब्लॉग काढा. पडवीवर लेख खाली खाली जातात आणि कोणाला सापडत नाहीत. तुमचं असं एक घर हवं." पद्मिनीने तीन दिवस नुसतं 'माझ्याविषयी' लिहिण्यात घालवले. लिहायची आणि खोडायची. शेवटी 'मी बडबडी आहे' एवढंच ठेवलं. ब्लॉगला नाव दिलं 'तिसऱ्या मजल्यावरून'. कितीजण येऊन गेले ते दाखवणारा आकडा तळाशी होता. पहिल्या दिवशी तो सतरा झाला. त्यातल्या चौदा वेळा तीच आली होती, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. वर एक चित्र हवं म्हणून तिने गॅलरीतून एक फोटो काढून लावला. कचऱ्याची जागा, आणि झाडू घेतलेल्या नेगिशी-सानची पाठ.

बुधवारी दुपारी अश्लेषा माझ्याजवळ दूध पीत बसली होती. तिने तो फोटो पाहिला आणि ओरडलीच, "आ! नेगिशी-ओबाआचान!" ओबाआचान म्हणजे आजी. पद्मिनी घाईघाईने म्हणाली, "हो, आजींवर लिहिलंय आईने. जगातले लोक वाचतात." संपलं. पोर दूध टाकून जिना उतरली. दहा मिनिटांनी वर आली ती निरोप घेऊनच. नेगिशी-सानना फार आनंद झालाय. त्यांच्यावर आजवर कोणी काही लिहिलं नाही. शनिवारी तीन वाजता त्या ऐकायला येणार आहेत. आई वाचेल आणि अश्लेषा जपानीत सांगेल.

पद्मिनी खुर्चीत बसली ती उठेचना. अख्ख्या इमारतीत तिच्या पोरीला मायेने जवळ घेणारं एकच माणूस होतं, आणि ते शनिवारी तीन वाजता दुखावलं जाणार होतं.

हरीश आला. सगळं ऐकून म्हणाला, "सोप्पं आहे. सांग, कॉम्प्युटर बिघडला."

बघा! करायचं ह्यांनी आणि नाव माझं! सहा वर्षांत मी एकदाही बिघडलो नव्हतो. पण पद्मिनीच मान हलवत म्हणाली, "आणि पुढच्या शनिवारी? दुसरंच काहीतरी वाचून दाखवावं म्हटलं तर अशू बसलेली असणार. खोटं आहे हे तिला माझ्या तोंडावरूनच कळेल." तिने पडवीवर विचारलं. कोणी म्हणालं, पुसून टाका. कोणी म्हणालं, गोड गोड तेवढं वाचा. अक्षयाने लिहिलं, 'ताई, चूक माझीही आहे. अजून लिहा अजून लिहा म्हणून मीच मागे लागले होते.' विश्वनाथकाकांनी लिहिलं, 'पुसू नकोस. पुसलंस तर काय चुकलं ते तुलाच पुन्हा दिसणार नाही. आपल्याला अजून काय माहीत नाही ते शोध, आणि पुढे लिही.'

शुक्रवारी पाहुणी यायची म्हणून घराची साफसफाई निघाली. पद्मिनीचा कर्सर, म्हणजे माझ्या पडद्यावरची ती छोटी काठी, सकाळपासून 'काढून टाका' ह्या शब्दांवर जाऊन उभा होता. तिने ते दाबलं नव्हतं, सोडलंही नव्हतं. मी श्वास रोखून होतो. टेबल पुसायचं म्हणून अश्लेषाने मला दोन्ही हातांनी उचललं आणि तिला खाली घडी केलेला कागद दिसला. तिने तो उलगडला. दीड वर्ष माझ्या भाराखाली राहून त्याच्या घड्या पापुद्र्यासारख्या झाल्या होत्या.

चिठ्ठी अगदी सोप्या अक्षरांत लिहिली होती, लहान मुलांसाठी लिहितात तशी, ठळक आणि सुटी सुटी. परदेशी बाईला वाचता यावी म्हणूनच. खाली एका हाताचं चित्र होतं आणि शेजारी एक बांगडी काढली होती. अश्लेषा मोठ्याने वाचायला लागली. जपानीचे इतके दिवस वर्ग केलेली पद्मिनी हळूहळू एकेक शब्द लावत गेली.

'ही काच आहे. काचेने गाडीवरच्या माणसाचा हात कापतो. जाड कागदात गुंडाळा आणि वर "धोका" असं लिहा. गुरुवारी ठेवा. बांगड्या फार सुंदर होत्या. तुटल्या, तुम्हाला वाईट वाटलं असेल. तळमजला, नेगिशी.'

पद्मिनीने कागद तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. "आई, नानी?" पोर तिच्या जपानीत विचारत होती, काय झालं म्हणून. पद्मिनीने तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "काही नाही गं. मला पत्र आलं होतं आणि मी ते उघडलंच नाही." मग तिने मला पुढे ओढलं. 'काढून टाका' वरून ती काठी बाजूला नेली आणि संध्याकाळपर्यंत लिहीत राहिली. मी डुगडुगत होतो. तिने माझ्या पायाखाली काही ठेवलं नाही.

शनिवारी बरोबर तीनला घंटी वाजली. नेगिशी-सान चांगला राखाडी पोशाख करून आल्या होत्या. हातात मिठाईचा डबा आणि डोळ्यांना वाचायचा चष्मा. वाचता काही येणार नव्हतं तरी चष्मा! त्या माझ्यासमोर गुडघे दुमडून बसल्या आणि त्यांनी मलासुद्धा वाकून नमस्कार केला. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी नमस्कार केला.

पद्मिनी म्हणाली, "अशू, मी आधी सगळं वाचणार आहे. चांगलं नसलेलंही. तू तसंच्या तसं सांग."

पिशवीची चुरचुर आणि उघडणारी खिडकी आली तेव्हा नेगिशी-सान तोंडावर हात धरून हसल्या. प्रेमपत्रालाही हसल्या. 'इन्स्पेक्टर'ला तर त्यांनी मान डोलावली. मग तो तिसरा लेख आला. प्रश्नचिन्हाचं वाक्य आलं. पद्मिनीने ते वाचलं. अश्लेषा आईकडे बघत राहिली. आणि मग, मित्रांनो, त्या पोरीने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा चक्क मराठीत तोंड उघडलं.

"आई, हे मी नाही सांगणार. आजीला लागेल."

पद्मिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लागेल, बाळा. पण सांग. मी लिहिलंय ना?"

अश्लेषाने खाली मान घालून सांगितलं. नेगिशी-साननी हात मागे नेऊन स्वतःची पाठ चाचपली. मग म्हणाल्या, "अशीच आहे माझी पाठ. मला ती दिसत नाही, म्हणून विसरायला होतं." पद्मिनीने जमिनीला कपाळ टेकून माफी मागितली. त्यानंतर तिने शुक्रवारी लिहिलेलं वाचलं. त्यात ती चिठ्ठी होती, आणि एका बाईने परक्या बाईच्या वाढलेल्या बांगड्यांच्या काचा वेचून त्यांची पुडी कशी बांधली ते होतं, आणि पत्र न वाचताच त्यावर हसणारी एक बडबडी बाई होती.

सगळं ऐकून झाल्यावर नेगिशी-साननी चष्मा काढला. त्या सावकाश बोलल्या आणि अश्लेषा सांगत गेली, आता मराठीतच, अडखळत.

"आजी म्हणते, आवाजाचं आवडलं. प्लास्टिकचा आवाज तसाच येतो. पण एक चूक आहे. आजी म्हणते, ह्या गोष्टीत मी एकटीच आहे. त्या खिडकीत आम्ही दोघं उभे राहायचो."

पडवीचा नियम त्या बाईंना कोणी शिकवला नव्हता. एक आवडलेलं, एक अडलेलं, दोन्ही त्यांनी सांगितलं.

त्यांचे यजमान शोजो-सान एकतीस वर्षं कचऱ्याच्या गाडीवर होते. एकदा कोणीतरी साध्या पिशवीत टाकलेल्या काचेने त्यांचा तळहात असा चिरला की दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. निवृत्त झाल्यावर ते रोज पहाटे खिडकीत उभे राहायचे. पिशवीच्या नुसत्या आवाजावरून आत काच आहे की नाही ते त्यांना कळायचं. ते गेले, आणि मग त्या एकट्या उभ्या राहायला लागल्या. "त्यांचं नाव कुठे लिहिलेलं नाही," नेगिशी-सान म्हणाल्या. "तुझ्याकडे जागा असेल तर लिही."

पद्मिनीने तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर, माझ्यावर ते नाव लिहिलं. नेगिशी शोजो. देवनागरीत ते कसं दिसतं ते नेगिशी-साननी बोटाने माझ्या पडद्यावर गिरवून पाहिलं. मी एरवी पडद्याला बोट लावलं की चिडतो. त्या दिवशी नाही चिडलो.

तो लेख ब्लॉगवर गेला. फोटो पाठमोरा होता तो बदलला आणि खिडकीत हसणाऱ्या नेगिशी-सानचा, त्यांना विचारून, लावला. जुने लेख पद्मिनीने ठेवले, प्रत्येकाखाली 'ह्याच्या पुढचं वाचा' असं लिहून. विश्वनाथकाकांनी खाली फक्त एवढंच लिहिलं, 'आज अडलं नाही.' पडवीवरची माणसं पुढेही तिचे लेख वाचत राहिली, आणि आता पद्मिनीच नव्याने येणाऱ्यांना विचारायची, "ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना वाचून दाखवाल का हो?"

२००९ साली हरीशचं इथलं काम संपलं. परत जाणारी घरं करतात तसा त्यांनी सामानाचा निरोपाचा बाजार मांडला. तांदळाचा कुकर गेला, सायकल गेली. मला मात्र कोणी हात लावेना. माझी बॅटरी पूर्ण मेली होती. पद्मिनीने माझ्या पोटातलं सगळं लेखन नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं, कारण ती शहाणी झाली होती. मग खालून नेगिशी-सान आल्या आणि म्हणाल्या, हा मला द्या.

तेव्हापासून मी तळमजल्यावर आहे, त्या खिडकीशेजारी. अश्लेषाने जाण्याआधी तो लेख सोप्या जपानी अक्षरांत लिहून माझ्यात ठेवलाय. जे बटण दाबलं की तो उघडतो त्याच्यावर एक लाल टिकली चिकटवलीय. नेगिशी-सान दर शनिवारी तीन वाजता माझ्यावरचं कापड काढतात, मला नमस्कार करतात आणि टिकली दाबतात. मी घरघरत उघडतो. त्या चष्मा लावून वाचतात, मोठ्याने. शोजो-सानच्या फोटोला ऐकू जावं म्हणून.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना सांभाळा. आमची धूळ पुसा, झाकण आपटू नका, आणि आमच्यात लिहिलेलं दुसरीकडे उतरवून ठेवा. आम्ही काही जन्मभर पुरत नाही. लिहा, भरपूर लिहा. वाचणारी चांगली माणसं शोधून काढा, ती असतात. पण एक म्हातारा म्हणून सांगतो ते ऐका. डुगडुगणाऱ्या वस्तूच्या पायाखाली कागद सारायचा असेल, तर सारण्याआधी तो एकदा वाचा.